हनुवटीने लिहिलेलं पत्र

३ फेब्रुवारी

पोरी,

ओळख पटत नसेल तर सांगते. मी तुझी आजी. तुझ्या आईची आई. तिसऱ्या मजल्यावर राहते, जिना चढून आलं की डावीकडचं दार. घंटा अजून बंदच आहे, तेव्हा कधी यायचं मनात आलंच तर दार वाजवायचं. 'पुढच्या रविवारी सविस्तर लिहिते' असं तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस. तो रविवार बहुतेक तुमच्याकडे अजून उजाडला नसेल. आमच्याकडे भिंतीवरचं कॅलेंडर बदललं.

अक्षर शिंपीणबाईंचं आहे. खाली शिलाईचं दुकान आहे त्यांचं. मी बोलते, त्या लिहितात. अक्षरांनी मला कधी ओळख दाखवली नाही, मीही त्यांना दाखवली नाही. आमचं त्यावाचून काही अडलेलं नाही.

आता कामाचं. तुझ्या मामाला लकव्याचं ते दुखणं झालं, त्याला आता बरेच महिने झाले. चालतो, बोलतो, नको इतकं बोलतो. डावा हात चालतो, पण थरथरतो. कप उचलला की बशी वाजायला लागते. उजवा मात्र आळशी झालाय. सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा मांडीवर नुसता पडून असतो. वकीलसाहेबांच्या ऑफिसात याने जन्मभर टायपिंग केलं. ते म्हणाले, 'मार्चअखेरपर्यंत तुमची खुर्ची राखतो, पुढे माझाही नाइलाज आहे.' माणूस बरा आहे, पण त्यांचेही कागद खोळंबलेत. आणि हा म्हणतो, 'एका हाताच्या टायपिस्टला कोण काम देतं?' असं म्हणून दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात उभा राहतो. मी दूध तापायला ठेवलं की मागून आवाज, 'आई, झाकण ठेव.' ठेवलं की, 'आई, उतू जाईल.' याला खुर्ची मिळाली नाही तर एक दिवस मीच ऑफिसात जाऊन बसेन.

तू म्हणे न चालणाऱ्या हातांसाठी कीबोर्ड बनवतेस. सगळ्या जगाला हे ठाऊक, घरच्या मामाचं तेवढं तुझ्या ध्यानात आलं नाही. एक पाठव. त्याच्या नावाने नको. 'माझी कीव करू नका' म्हणेल आणि खोकं पलंगाखाली सरकवेल. माझ्या नावाने पाठव. मी सांगेन, शिंपीणबाईंकडे शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, त्यांना वेळ नाही, माझी पत्रं आता तूच लिही. (शिंपीणबाई म्हणतात, गणवेश खरंच आलेत. म्हणजे मला खोटं बोलायचीही सोय राहिली नाही.)

तुला न विसरलेली,
आजी


११ फेब्रुवारी

आजी,

शरमले. पुरे झालं ना? हे पत्र शिंपीणबाईंनी दुकानातच वाचून दाखवावं, मामाच्या हाती लागू देऊ नये.

खोकं आज निघालं, सोबत आमचा जुना कंप्युटर आणि प्रिंटरही, सगळं जोडायला तयार. आतला कीबोर्ड आम्ही चाचणीसाठी बनवलेला आहे. बटणं मोठी आणि लांब लांब आहेत. वर भोकांची पत्र्यासारखी एक पट्टी आहे, प्रत्येक बटणावर एक भोक. हात त्या पट्टीवर सरळ टेकवून ठेवायचा आणि भोकात बोट घालून दाबायचं, म्हणजे थरथरला तरी शेजारचं बटण दाबलं जात नाही. बोट बटणावर जास्त वेळ राहिलं तरी अक्षर एकदाच उमटतं. उजवा हात आळशी आहे म्हणतेस, तर त्यालाही थोडं काम दिलंय. शिफ्टचं बटण उजव्या कडेला तळहाताएवढं केलंय. नुसता तळवा ठेवला की दाबलं जातं. मामाला सांगावं लागणारच नाही, जन्मभर टाइप केलेला माणूस तो.

आमची खोली तुझ्या स्वयंपाकघराहून फार मोठी नाही. तिघं जण, एक ड्रिल, आणि सगळीकडे प्लॅस्टिकचा भुसा, अगदी डब्यातसुद्धा. एप्रिलमध्ये अशा कीबोर्डांची पहिली खेप करायची आहे, त्याआधी साचा पक्का करायचाय. एकदा साचा झाला की बदल करता येत नाही. म्हणून मला तक्रारी पाठवा. कौतुक नको. तुला तक्रार करायला शिकवावं लागेल असं वाटत नाही.

तुझी (रविवार विसरलेली) नात


२४-२

प्रिय नात,

कीबोर्ड पोचला. सुबक. त्रास नाही. मी बरी. मामा बरा. हवा बरी. जेवत जा.

आजी


२ मार्च

प्रिय आजी,

तुझं पत्र आमच्या खोलीत तिघांनी वाचलं. वाचायला वेळ लागला नाही. आजी, तू आजारी आहेस का? शिंपीणबाईंच्या हातून तू मला दोन पानं झोडपतेस आणि मामाच्या हातून 'हवा बरी'? तुझ्या तोंडून हवेबद्दल चांगलं मी कधी ऐकलेलं नाही.

पण 'त्रास नाही' हे वाचून मी खुर्चीतून उठून नाचले, हे कबूल करते. सगळे चाचणीवाले काही ना काही खोट काढतात. मामासारख्या जाणत्या टायपिस्टला त्रास नाही म्हणजे आमचं जमलं. शिफ्टचं बटण उजवीकडे घेतलं ते बरोबर होतं, हेही कळलं. पुढच्या आठवड्यात साचा बनवायला देतेय. तरी काही असेल, अगदी बारीकसं, तर लगेच कळवा. मामा, हे तुलाही सांगतेय, वाचताना ही ओळ गाळू नकोस.

तुझी नात


७ मार्च

पोरी,

साचा थांबव. आधी जा, थांबव, मग पुढचं वाच.

थांबवलास? आता ऐक. अक्षर पुन्हा शिंपीणबाईंचं आहे. गणवेश बाजूला ठेवून बसल्यात, एका शाळेच्या बाह्या आज शिवल्या जाणार नाहीत.

त्या दिवशी मी मामाला पत्र सांगायला बसले. चांगला किटलीभर चहा संपेपर्यंत बोलले. तुझ्या आईचं, वरच्या मजल्यावरच्या गळक्या नळाचं, मामाच्या खांद्याचं, सगळं सांगितलं. तो समोर बसून टक... टक... करत होता. मी दहा वाक्यं बोलले की एक टक. मला वाटलं, नवीन यंत्र आहे, एका टकीत चार शब्द येत असतील. कौतुकसुद्धा केलं मी मनात तुझं! मग तुझं उत्तर आलं. दोन्ही बाजूंनी भरलेला कागद, आणि याने तो घोटभर पाणी पिण्याइतक्या वेळात वाचून संपवला. 'काय लिहिलंय?' 'बरं आहे म्हणते. हवा बरी आहे म्हणते.' तेव्हा मी तो कागद उचलला, पदराखाली घातला आणि खाली आले. शिंपीणबाईंनी तुझं पत्र वाचलं, मग माझ्या पत्राची याने ठेवलेली प्रत मी याच्या खणातून काढून आणली होती तीही वाचली. त्या हसत होत्या. मी हसले नाही. मला बोलायचं होतं.

वर जाऊन विचारलं, "मी एवढं बोलले ते गेलं कुठे?"

"सारांश लिहिला, आई."

"मी 'हवा बरी' कधी म्हणाले?"

"कुठूनतरी भरावं लागतं ना पत्र."

"आणि खांद्याचं?"

यावर म्हणाला, "खांद्याचा ख येतो ना."

मला काय कळणार? मग त्याने करून दाखवलं, तेव्हा कळलं. तुमच्या यंत्रात काही अक्षरांना दोन बटणं एकदम दाबावी लागतात म्हणे. एक अक्षराचं, एक ते शिफ्टचं. ते तू ठेवलंयस उजवीकडे, उजव्या हातासाठी. पोरी, उजवा हात आळशी आहे हे मी म्हणाले खरी, पण आळशी माणूस उठवला की उठतो तरी. हा उठत नाही. अजिबात नाही. बोटसुद्धा नाही. मी आपली थट्टेने म्हणाले आणि तू त्याला नोकरीवर ठेवलंस.

मग हा काय करतो, सांगू? ख आला की कीबोर्डवर वाकतो आणि हनुवटीने शिफ्ट दाबतो. डाव्या हाताने अक्षर, हनुवटीने शिफ्ट. लांबून बघावं तर वाटतं टेबलाच्या कानात काहीतरी सांगतोय. वाकून वाकून मान आणि खांदा भरून येतात. म्हणून ज्या शब्दात तसलं अक्षर तो शब्दच टाळायचा, असा नियम केला याने. तारीखसुद्धा आकड्यांत, कारण फेब्रुवारीच्या फ ला वाकावं लागतं. "आजी लिहायला तरी वाकलो ना मी!" असं वर मलाच ऐकवतो. सगळ्या पत्रात तेवढंच एकदा वाकला. उपकार झाले.

पण मी म्हातारी असले तरी त्याची आई आहे. मी म्हटलं, "मग 'त्रास नाही' का लिहिलंस? 'त्रास होतो'ला वाकावं लागतं का?"

"नाही."

"मग?"

कीबोर्ड आपल्याकडे ओढून घेतला. म्हणाला, "तक्रार केली तर परत मागवेल. आई, रात्रीचं तू झोपलीस की मी त्यावर जुन्या नोटिसा टाइप करतो. पूर्ण वाकून. नीट होतात."

मी त्याला जास्त साखरेचा चहा करून दिला. हे तू कुठे सांगू नकोस, माझी बदनामी होईल.

मार्च लागला, वकीलसाहेबांचा निरोप दोनदा आला. याचं म्हणणं, ऑफिसात सगळ्यांदेखत हनुवटी टेकवणार नाही. बरोबरच आहे. मग आता तू काय करणार, ते सांग. आणि साचा खरंच थांबवलास का?

आजी


१० मार्च

आजी आणि मामा, दोघांनाही,

थांबवला. साचेवाल्याने फोनवर बरंच ऐकवलं, मी सगळं ऐकून घेतलं. चुकले मीच. 'उजवा हात हलतो का?' हा एक प्रश्न विचारायचा होता. त्याऐवजी मी आजीच्या जावयाला कामाला लावलं. आमच्यात ड्रिल चालवणारे काका आहेत. ते आधी हसले, मग म्हणाले, "पण त्या माणसाला हनुवटीने शिफ्ट दाबायचं सुचलं, हे आपल्याला सुचलं नव्हतं."

मामा, आता नीट वाच आणि आजीला वाचून दाखव. सगळं. शिफ्टचं बटण लागोपाठ पाच वेळा दाब. पडद्यावर एक प्रश्न येईल, त्याला 'हो' म्हण. यानंतर शिफ्ट धरून ठेवायची गरज नाही. एकदा दाबायचं, सोडायचं. ते तुझी वाट बघत थांबतं. मग सावकाश ख दाब, अगदी नाक पुसून आलास तरी चालेल. ख उमटला की शिफ्ट आपोआप सुटतं. ही सोय बहुतेक सगळ्या कंप्युटरांत असते. तुझ्याकडेही पहिल्या दिवसापासून होती. तळव्याचं बटण दिलंय तर ही कशाला, असं वाटून मीच ती चालू न करता पाठवली. माझ्या त्या हुशारीपायी तू इतके दिवस वाकलास.

सोबत नवी पट्टी पाठवतेय. शिफ्टचं बटण तिच्यावरच बसवलंय, आता डावीकडे खाली, अंगठ्याशी. मागे दोन पाय लावलेत, त्यामुळे कीबोर्ड थोडा तिरपा राहील आणि खांदा उचलावा लागणार नाही. पहिली खेप अशीच होईल, आणि तू 'चालेल' म्हणेपर्यंत साचेवाल्याला फोन करणार नाही. परत तर मागवणार नाहीच. तो तुझा आहे.

आता तक्रार करा रे कुणीतरी!

तुमची पोर


२२ मार्च

पोरी,

हे मामा टाइप करतोय. मी बोलले ते सगळं लिहायचं, एक अक्षर गाळायचं नाही, असं ठरलंय. खात्री म्हणून खाली जाऊन वाचून घेणार आहे. (शिंपीणबाईंना त्रास देऊ नये असं माझं मत आहे. - मामा) मध्येच थांबून काय लिहिलंस रे? (काही नाही.) हे बघ, मी बोलत नव्हते तेव्हाही टकटक झाली. आता मला सगळं ऐकू येतं.

तर लख्ख, खणखणीत, घसघशीत, झणझणीत, भरभक्कम. हे शब्द मी मुद्दाम सांगितलेत, बघू म्हटलं वाकतो का. नाही वाकला. पाठ सरळ, मान सरळ, फोटो काढायला बसल्यासारखा. आधी शिफ्टला एक टक, मग एक श्वास, मग अक्षराला एक टक. हळू चालतं, पण चालतं. मी बोलताना मध्ये दाणे निवडून होतात. (आईला थांबायची सवय नव्हती. आता लागतेय. हाही या कीबोर्डचा फायदा म्हणून नोंद करावी.)

तक्रारी हव्यात ना? घे. पट्टीच्या भोकांच्या कडा बोटाला लागतात, त्या गोल कर. पाय गुळगुळीत टेबलावर सरकतात, त्यांना रबर लाव. आणि पूर्णविरामाचं भोक फार लांब आहे, त्यामुळे हा माझी वाक्यं संपवतच नाही. (आईची वाक्यं संपत नाहीत, त्यात पूर्णविरामाचा दोष नाही. बाकी दोन तक्रारी खऱ्या.)

आता खरं सांगते. सोमवारी वकीलसाहेबांकडे जायचंय. ते म्हणालेत, 'येऊन बसा, एक पान टाइप करा, मग बोलू.' आणि हा म्हणतो, जाणार नाही. (बघू म्हटलंय. जाणार नाही असं म्हटलेलं नाही.) काल बूट पुसून ठेवलेस, आज परत कपाटात का टाकलेस मग? (आई, हे पत्रात हवं का?) सगळं लिहायचं ठरलंय.

(तुला माझ्याकडून दोन ओळी. तिथे सगळ्यांनी मला न बघता टाइप करताना पाहिलंय. लोक गप्पा मारत माझ्याशेजारी उभे राहायचे आणि माझे हात चालू असायचे. आता ते शेजारी उभे राहतील आणि मी शिफ्ट दाबून श्वास घेईन. कीबोर्डची तक्रार नाही ही. तो चांगला आहे. साचा करायला हरकत नाही.)

फार वेळ टकटकलास. मी तर काहीच बोलले नव्हते. असो. ते मी खाली वाचून घेणार नाही.

आजी


२६ मार्च

मामा,

साचेवाल्याला आज फोन केला. कडा गोल, पायांना रबर. पूर्णविराम जिथल्या तिथे ठेवलाय, आजीचा बंदोबस्त करणं आमच्या हातात नाही.

आमच्या चाचणीवाल्यांत एक निवृत्त शिक्षिका आहेत. दातात काडी धरून टाइप करतात. दर आठवड्याला नगरपालिकेला एक पत्र. एका पत्राला त्यांना अख्खा दिवस लागतो. नगरपालिकेत कुणाला ते माहीत नाही. तिथे फक्त पत्र पोचतं आणि सगळ्यांची धांदल उडते. त्यांना मी तुझं सांगितलं. त्या म्हणाल्या, "श्वास घेताना लोक बघतात ना? मग त्यांच्याकडे असं बघायचं, की त्यांनीच आपलं वाक्य अडवलंय." मी सल्ला देत नाही, त्यांचा निरोप तेवढा कळवला.

सोमवारचं काय ते कळव. आणि इथून काय पाठवू? प्लॅस्टिकच्या भुशाशिवाय काहीही सांग.

तुझी भाची


२ एप्रिल

पोरी,

हाताने लिहिलेलं पाकीट बघून घाबरलीस ना? थोडं घाबर. मामा टाइप करायला घरात नाही, म्हणून शिंपीणबाईंना बसवलंय. तो ऑफिसात आहे.

सोमवारी सकाळी उठून बघते तर बूट दारात. कीबोर्ड उशीच्या अभ्र्यात घातला होता आणि अभ्रा काखेत. मला म्हणाला, "दूध मंद आचेवर ठेव," आणि जिना उतरायला लागला. एकेक पायरी, कठड्याला कोपर लावून. मी खिडकीत गेले. पोस्टापर्यंत दिसला, मग दिसेनासा झाला. मी दूध ठेवलं आणि ते उतू गेलं. कुणी सांगायला नव्हतं.

तिकडचं त्याने तुकड्या-तुकड्याने सांगितलं, मी जोडून सांगते. गेला, बसला, आणि कीबोर्ड टेबलात मावेना! टेबलाला खालून सरकणारं फळकुट असतं म्हणे, कीबोर्ड ठेवायला. तुझा त्याच्याहून रुंद. सगळं ऑफिस कागद चाळायचं नाटक करत बघत होतं. हा अभ्रा गुंडाळून उठायला लागला. तेवढ्यात वकीलसाहेब स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले, काळ्या कोटासकट टेबलाखाली शिरले आणि फळकुटाचे स्क्रू काढायला लागले. एक निघेना. आतून ओरडले, "अहो, वेळ जातोय, तुम्ही सुरू करा, मी इथूनच सांगतो!" आणि तिथून, टेबलाखालून, नोटीस सांगायला लागले. याने वर टाइप करायला घेतलं. शिफ्ट, श्वास, अक्षर. वकीलसाहेब दोन शब्द सांगायचे आणि स्क्रूशी झटायचे, तेवढ्यात याचे दोन शब्द व्हायचे. पान संपलं तेव्हा स्क्रूही निघाला. साहेब बाहेर आले, कोटाला भुसा, पान वाचलं, म्हणाले, "यात माझ्या शिव्या नाहीत ना?" हा म्हणाला, "तेवढ्या गाळल्या."

खुर्ची त्याची राहिली. सध्या सकाळचीच वेळ, घाईचे कागद दुसरा मुलगा करेल. अर्ध्या वेळेवरून घरी येऊन जरा कुरकुरला. मी कुरकुर करू दिली. जेवून बसल्या-बसल्या झोपला. त्याचा डावा हात झोपेतसुद्धा हलत होता, एक बोट वर, एक बोट खाली.

काय पाठवू विचारलंस. बिस्किटं नको, कालच चुरा भोकांत गेला, दोघं मिळून पिनेने काढत बसलो. सोलायचं, फोडायचं काही नको. खजूर पाठव, मऊ, चांगला मोठा डबा, आणि बिया तिथेच काढून टाक. बी काढत बसायला त्याचा हात आता रिकामा नसतो.

आजी